फ्रेडी आपला म्हणताय? मग आश्रमशाळेत संगीताचा तास द्या

आज ५ सप्टेंबर. सकाळपासून फोनवर दोन प्रकारचे मेसेज पडतायत. पहिले शिक्षक दिनाचे. खडू, फळा, समई आणि डॉ. राधाकृष्णन यांचा फोटो. दुसरे त्यामानाने कमी, पण दरवर्षी वाढत चाललेत. 'जगातला सगळ्यात मोठा रॉकस्टार आपल्या महाराष्ट्रात शिकला. फ्रेडी मर्क्युरी, पाचगणी. अभिमान आहे!'

गंमत म्हणजे दोन्ही मेसेज बऱ्याचदा एकाच माणसाकडून येतात. आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याच्या गावीही नसतं. ही पोस्ट त्या संबंधाबद्दल आहे. लांब आहे, आधीच सांगतो. उद्या विसर्जन, डीजे सुरू व्हायच्या आत वाचून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी माणूस सांगतो.

खरं नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झांजिबार. पारशी घर, आईवडील मूळचे गुजरातकडचे, वडील तिथल्या इंग्रज सरकारच्या कचेरीत कॅशियर. पोरगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला बोटीत बसवून शिकायला पाठवलं, ते थेट सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला. सेंट पीटर्स, निवासी शाळा. तिथल्या मुख्याध्यापकांनी पाहिलं की ह्या पोराला सुरांचं अंग आहे. त्यांनी घरी पत्र लिहिलं, थोडी जादा फी भरा, पियानो शिकवतो. आईवडिलांनी भरली. पोरगा पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा पास झाला. शाळेच्या गानवृंदात गायला, नाटकात उभा राहिला. १९५८ च्या सुमारास पाच पोरांनी मिळून शाळेतच बँड काढला, नाव ठेवलं 'हेक्टिक्स'. त्यात हा पियानोवर. फ्रेडी हे नाव त्याला पडलं तेही शाळेतच.

पुढे झांजिबारमध्ये १९६४ ला क्रांती झाली, घरदार सोडून कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे १९७० ला ब्रायन मे, रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने 'क्वीन' हा बँड काढला. वर्षभरात जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पूर्ण झाली. जड गिटार, दणदणीत ड्रम, म्हणजे ज्याला हार्ड रॉक म्हणतात ते. आणि त्यात पियानो. पाचगणीतला.

आता कोणी म्हणेल, आम्हाला इंग्रजी गाण्यांतलं कळत नाही, आम्ही कुठं क्वीन ऐकलंय. ऐकलंय हो. दोनदा पाय आपटायचे, एक टाळी. दोनदा पाय, एक टाळी. कबड्डीच्या मैदानावर, क्रिकेटच्या स्टेडियममध्ये, गॅदरिंगला, कुठंही चार पोरं जमली की हा ठेका निघतो. तो 'वी विल रॉक यू' या गाण्याचा आहे, १९७७ चा, ब्रायन मेने लिहिलेला. कार्यक्रमात लोकच जोरजोरात गायला लागतात हे पाहून त्याच्या डोक्यात आलं की लोकांना स्वतः वाजवता येईल असं गाणं करू. त्यात ड्रम नाहीच. स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून ते ध्वनिमुद्रित केलंय. गिटार येते ती शेवटी. आणि कुठलीही टीम जिंकली की स्टेडियममध्ये जे 'वी आर द चॅम्पियन्स' लागतं, ते त्याच अल्बममधलं, फ्रेडीने लिहिलेलं.

आता धंद्याचं बोलू, कारण धंदा म्हटल्याशिवाय आपल्याकडं कोणी मान वर करत नाही.

क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा अल्बम १९८१ ला आला. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच. २०२२ मध्ये त्याने तिथे ७० लाखांचा आकडा ओलांडला, आणि असा आकडा ओलांडणारा तो तिथला पहिला अल्बम. १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं जवळपास सहा मिनिटांचं आहे. रेकॉर्ड कंपनीची माणसं म्हणाली, एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार? लावलं, आणि ते ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी एड्सने गेला, तेव्हा तेच गाणं परत पहिल्या नंबरवर आलं. ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्या गाण्याची पन्नाशी. २०२४ मध्ये क्वीनच्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या होत्या. आपल्या रुपयांत दहा हजार कोटींच्या वर. काही गाण्यांचे. दहा हजार कोटी.

आता मूळ मुद्दा.

या सगळ्या हिशेबात महाराष्ट्राचा वाटा किती? फ्रेडीचा जन्म इथला नाही. त्याची भाषा आपली नाही. त्याने मराठीत एक ओळ गायली नाही. तो मोठा झाला लंडनमध्ये. मग 'आपला' कशावरून? फक्त एकाच गोष्टीवरून. सह्याद्रीतल्या एका निवासी शाळेत पियानो होता, शिकवायला माणूस होता, आणि पोराचे कान पाहून घरी पत्र टाकणारा मुख्याध्यापक होता. बस. आपला वाटा एवढाच, आणि तो खरा आहे. नाकारायचं कारण नाही.

पण मग मला सांगा, सह्याद्रीत निवासी शाळा काय पाचगणीतच आहेत?

आपल्या अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत निवासी शाळा आहेत. आपण त्यांना आश्रमशाळा म्हणतो. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास, अनुदानित त्याहून थोड्या जास्त. महादेव कोळ्यांची, ठाकरांची लेकरं पहिलीपासून घर सोडून तिथं राहतात. फारुख बुलसारा जेवढ्या वयात बोटीत बसला, त्याहून लहान वयात आपली पोरं पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसतात. डोंगर तोच, पाऊस तसाच, आईची आठवण तीच. मग फरक कशात?

फरक वेळापत्रकात आहे.

इंग्रजांनी पाचगणीत शाळा काढल्या आणि आमच्याकडं धरण बांधलं. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण. पाणी खाली गेलं, ऊस पिकला, खालचे तालुके बागायती झाले. आम्हाला काय मिळालं हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण इंग्रज जाऊन ७८ वर्षं झाली, आता त्यांच्या नावानं किती दिवस बोटं मोडणार? आश्रमशाळा आपल्या सरकारच्या आहेत. तिथं संगीताचा तास का नाही, याचं उत्तर लंडनला मागून चालणार नाही.

'तास आहे की, वेळापत्रकात लिहिलेलाय.' हो, लिहिलेला असतो. कला-कार्यानुभव म्हणून. त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा होतो, नाहीतर पोरं मैदानावर गवत काढतात. मागं एका शाळेत बातमीसाठी गेलो होतो, नाव घेत नाही. कपाटात हार्मोनियम, ढोलकी, दोन खंजिऱ्या, टाळ, सगळं व्यवस्थित. कपाटाला कुलूप. मी विचारलं, पोरांना देत नाही का? उत्तर मिळालं, 'साहेब, डेड स्टॉकला चढलंय. फुटलं तर भरून कोण देणार?' मला त्या शिक्षकाचा राग नाही आला. त्याचं म्हणणं खरं होतं. ढोलकीची पुडी फाटली तर त्याच्याकडंच खुलासा मागणार. म्हणजे व्यवस्था अशी की वाजलेल्या ढोलकीचा जाब द्यावा लागतो, न वाजलेल्या ढोलकीचा नाही.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक हवेत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर म्हणतं की कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेदच ठेवायचा नाही. कागद उत्तम आहेत. कागदाला सूर नसतो एवढंच.

आता तुमचे आक्षेप घेऊ. मला पाठ आहेत, कारण हा विषय काढला की चहाच्या टपरीवर तेच ऐकायला मिळतात.

पहिला आक्षेप. 'पोरांना धड वाचता येत नाही, भागाकार येत नाही, आणि ह्याला गाणं पाहिजे.'

भाऊ, भागाकार यायलाच पाहिजे. पण गाणं काढून घेतल्याने भागाकार आला का? इतकी वर्षं संगीताचा तास नाहीच आहे, मग आतापर्यंत सगळी पोरं गणितात पास व्हायला हवी होती. क्वीनची चौकडी बघा. ब्रायन मे गिटारवाला, तो खगोलशास्त्र शिकत होता. बँड चालला म्हणून संशोधन अर्धवट सुटलं, पण त्याने २००७ ला परत येऊन सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी पूर्ण केली. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला गेला आणि नंतर जीवशास्त्राकडं वळला. फ्रेडी स्वतः ग्राफिक कला शिकलेला. गाणाऱ्या पोरांचं अभ्यासात वाटोळं होतं हा आपल्याकडचा समज या चौघांपुढं टिकत नाही.

आणि ब्रायन मेची ती गिटार? दुकानातली नाही. बापलेकांनी घरात बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड तासून. त्यात सायकलचा एक सुटा भाग आहे आणि आईची विणकामाची सुई आहे. डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किटवरून अँप्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजला. आपल्या शेंडीत, राजूरला जळालेला स्पीकर उघडून दोन तासांत चालू करून देणारी पोरं आहेत. त्या पोराला कोणी सांगितलंय का, की तुझ्या हातातलं हे काम म्हणजे भौतिकशास्त्र आहे आणि संगीतही आहे?

दुसरा आक्षेप. 'गाण्या-बजावण्यानं पोट भरतं का?'

वर आकडा दिलाय, परत वाचा. पण मी तो आकडा दाखवून पोरांना स्वप्न विकणार नाही. प्रत्येक पोरगं फ्रेडी होत नसतं. पाचगणीच्या त्या पाच जणांच्या बँडमधूनही फ्रेडी एकच झाला. बाकीच्यांपैकी एक नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, एक ब्रिटनमध्ये नट झाला, एकाने पुण्यात हॉटेल चालवलं. कोणाचं वाटोळं झालं? उलट चारचौघांसमोर उभं राहायची भीती गेली. आपली पोरं दहावी-बारावी होऊन संगमनेरला, पुण्याला जातात आणि वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतात, तोंड उघडत नाहीत. बुद्धी कमी म्हणून नाही. दहा वर्षांत त्यांना कोणी स्टेजवर उभं केलं नाही म्हणून. आश्रमशाळेत गाण्याचा तास म्हणजे चैन वाटते ना? तोंड उघडायला शिकवणारा तो एकमेव तास आहे.

आणि पोटाचंच बोलायचं तर जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले बँडचे तीन कार्यक्रम झाले, तिकिटांसाठी लोकांनी काय झुंबड उडवली ते पाहिलंत. त्याच महिन्यात खुद्द पंतप्रधान 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'वर बोलले. म्हणजे मोठ्या कार्यक्रमांवर चालणारी अर्थव्यवस्था. छान. पण या अर्थव्यवस्थेत भंडारदऱ्याचं पोरगं कुठं आहे? सध्या ते काजव्यांच्या दिवसांत तळ्याकाठच्या तंबूवर पाहुण्यांसाठी स्पीकर उचलतं आणि दुसऱ्याचं गाणं लावायचं बटण दाबतं. बटण दाबणारा आणि गाणं करणारा, या दोघांच्या मिळकतीतला फरक म्हणजे शाळेतला तो न झालेला तास.

तिसरा आक्षेप, आणि हा घेणारे माझे जवळचे मित्र आहेत. 'इंग्रजी धांगडधिंगा कशाला? आपला बोहाडा आहे, सनई-संबळ आहे, कांबडनाच आहे, आवणीची गाणी आहेत. ते जपा.'

शंभर टक्के मान्य. पण जपायचं म्हणजे नक्की काय करायचं? जिल्ह्याला महोत्सव असला की पोरांना फेटे बांधून नाचायला न्यायचं, पाहुण्यांनी मोबाईलमध्ये शूटिंग करायचं, संयोजकांनी वडापाव द्यायचा आणि टेम्पोत बसवून परत आणायचं. याला जपणं म्हणत नाहीत, सजावट म्हणतात. संबळ वाजवणारा म्हातारा माणूस शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतो. आठवड्यातून दोन दिवस त्याला मानधन देऊन शाळेत बोलावलंय का कधी? त्याच्यासोबत त्याचा ठेकाही जाणार आहे, आणि मग आपण श्रद्धांजलीची पोस्ट टाकणार आहोत.

शिवाय आपलं आणि परकं असं भांडण लावायची गरजच नाही. क्वीनची गाणी एवढी का चालली? कारण त्यांनी कुठलंच दार बंद ठेवलं नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त मधेच ऑपेरा येतो. 'समबडी टू लव्ह'मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भजनाचा ढंग आहे. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' डिस्कोच्या अंगानं जातं. ज्याचा स्वतःचा ठेका पक्का असतो तो दुसऱ्याच्या ठेक्याला घाबरत नाही. आपल्याच प्रवरेच्या काठच्या संगमनेरचा अनंत फंदी अडीचशे वर्षांपूर्वी लावण्या आणि फटके लिहून गेला. त्याच्या काळातलं ते हिट गाणंच होतं की. हातात डफ, समोर लोक आणि सांगायला गोष्ट. रॉक म्हणजे तरी वेगळं काय असतं?

चौथा आक्षेप. 'आता यूट्यूब आहे. ज्याला शिकायचं तो शिकतो.'

हे बोलणाऱ्याने एकदा साम्रद-रतनवाडीकडं पावसाळ्यात जाऊन फोनला रेंज शोधून दाखवावी. आणि रेंज असली तरी आश्रमशाळेतल्या मुलांकडं फोन नसतो, नसावाही. यूट्यूब सूर दाखवतं, पण तुझा सूर लागला की नाही हे त्याला ऐकू येत नाही. पाचगणीतल्या त्या पोराचं नशीब पियानोने नाही उघडलं. त्याला ऐकणाऱ्या मास्तरच्या कानांनी उघडलं.

पाचवा आक्षेप कोणी तोंडावर घेत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो. 'तो श्रीमंताचा पोरगा होता. फी भरून शिकला. आपल्या पोरांचं तसं कुठं?'

मुद्दा तोच तर आहे! फ्रेडीच्या बापाने जादा फी भरली म्हणून त्याला पियानो मिळाला. आमच्या पोराचा बाप आवणीला, नाहीतर खाली नारायणगाव-जुन्नरकडं मजुरीला गेलेला असतो. तो कुठून भरणार? ज्याच्या बापाला फी भरता येत नाही त्याची फी सरकारने भरायची, आश्रमशाळा नावाची गोष्ट त्यासाठीच काढली ना? मग भात, डाळ आणि गणवेश दिला की सरकारची जबाबदारी संपली, हे कोणी ठरवलं?

यात एक चीड आणणारी गोष्ट आहे, ती फार पालकांना माहीत नाही. दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला आणि लोककला यांचे वाढीव गुण मिळतात. गायन-वादनाचे घ्यायचे तर मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यासाठी शिकवणारा लागतो, परीक्षेची फी लागते, केंद्रावर जावं लागतं. हे गुण कोणाला मिळतात? ज्यांच्या कॉलनीत क्लास आहे त्यांना. लोककलेचेही गुण आहेत, पण त्यासाठीही प्रमाणपत्रं आणि प्रस्ताव लागतात. म्हणजे ज्या पोरीच्या घरात चार पिढ्यांची गाणी आहेत, तिला लोककलेचा शून्य, आणि शहरातल्या वीकेंडच्या वर्कशॉपला पाच-दहा गुण. अकरावीच्या यादीत एकेका गुणाने नंबर हुकतो. तेव्हा गाण्याचा तास ही करमणुकीची मागणी आहे असं समजू नका. हा सरळसरळ गुणांचा आणि प्रवेशाचा प्रश्न आहे.

आणखी एक. नुसतं गाता येऊन भागत नाही, गाणं कोणाच्या नावावर आहे हेही कळावं लागतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं एक गाणं होतं. फार कोणी न ऐकलेलं. पण रेकॉर्ड खपली म्हणून त्याला त्या बाजूचे तेवढेच पैसे मिळाले, आणि त्यावरून बँडमध्ये वर्षानुवर्षं कुरबुर चालली. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून त्यांनी ठरवलं, गाणं कोणीही लिहो, नाव चौघांचं. आपल्याकडं काय होतं? आजीच्या तोंडची चाल कोणीतरी रेकॉर्ड करून नेतो, खाली ताशा लावतो, वर स्वतःचं नाव टाकतो. ती हजारो लग्नांत वाजते. आजीला कळतही नाही. हे कळायलाही शाळाच लागते.

आता पैशाचं. 'निधी नाही' हे वाक्य मी पत्रकारितेत इतक्या वेळा लिहून घेतलंय की टाईप करताना बोटं आपोआप पडतात. एक साधा हिशेब सांगतो. उद्या मिरवणुकीत एकेका मंडळासमोर जी स्पीकरची भिंत उभी राहील, तिच्या एका रात्रीच्या भाड्यात एका शाळेला चांगली हार्मोनियम, ढोलकी आणि संबळ येईल. मंडळाच्या पोरांवर मी चिडलेलो नाही. त्यांना वाजवायचंय, पण वाजवायला कोणी शिकवलंच नाही, म्हणून ती भाड्याने आवाज आणतात. ज्या गावाला स्वतःचा ठेका येतो, त्याला भिंत भाड्याने लागत नाही.

सरकारी पैशाचंही बघू. आपला आदिवासी पट्टा पेसात येतो. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि त्याच्या विषयांत शिक्षण आहे. गेल्या काही वर्षांत किती पंचायतींनी त्यातून शाळेला एक वाद्य घेतलं? पेव्हर ब्लॉक घेतले, हायमास्ट घेतले, स्वागत कमानी घेतल्या. कमानीवर नाव कोरता येतं, ढोलकीवर येत नाही, एवढंच कारण.

म्हणून मागण्या लिहितो. मोठ्या नाहीत.

एक. प्रत्येक आश्रमशाळेत संगीताचा निदेशक. पूर्णवेळ जमत नसेल तर तीन शाळांत मिळून एक, पण दरवर्षी कंत्राट संपलं म्हणून जूनमध्ये गायब होणारा नको. पोरं तिथंच राहतात, संध्याकाळ मोकळी असते. वेळ नाही हे कारण निवासी शाळेत चालतच नाही.

दोन. वाद्यं कपाटाबाहेर. वाजवून फाटलेल्या पुडीचा खर्च शिक्षकाच्या माथी मारायचा नाही, असं लेखी पत्र काढा. एका पानाचं पत्र आहे, त्याला अर्थसंकल्प लागत नाही.

तीन. गावातला संबळवाला, सनईवाला, बोहाड्यातला जाणता, आवणीची गाणी येणारी आजी, यांना तासाचं मानधन देऊन शाळेत बोलवा. पदवी विचारू नका, ठेका ऐका.

चार. दहावीच्या वाढीव गुणांसाठी आश्रमशाळेच्या मुलांची परीक्षा फी आणि प्रवास खर्च विभागाने भरावा, आणि लोककलेचे प्रस्ताव शाळेनेच करून पाठवावेत.

पाच. २०२६ मध्ये आपल्या धरणाला १०० वर्षं होतायत. सोहळा होणार, लेझर शो होणार, मुंबईहून कलाकार येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या खर्चाच्या आधी शाळांच्या वाद्यांची तरतूद करा. आणि स्टेजवर पहिला तास आमच्या आश्रमशाळेच्या पोरांचा. मुंबईचे कलाकार नंतर.

नेतेमंडळींना एवढंच सांगणं, की आज तुम्ही शाळाशाळांत जाऊन शाल-श्रीफळ द्याल, 'शिक्षक राष्ट्र घडवतो' म्हणाल. म्हणा. पण ज्या शिक्षकाची जागाच मंजूर नाही किंवा भरलेली नाही, त्याचा सत्कार कसा करणार? रिकाम्या खुर्चीला शाल पांघरणार का?

आणि आपल्याला, म्हणजे तुम्हाला-मला. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. कोरम होत नाही म्हणून तहकूब होते आणि मग चार डोकी बसून सगळं ठरवतात, हे दरवर्षीचं आहे. यावेळी जा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत न्या. 'अबंध निधीतून शाळेसाठी वाद्ये आणि स्थानिक कलाकारांचे मानधन', एवढी एक ओळ इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत मागा. ज्या गावांनी ठराव केला त्यांनी प्रत मला पाठवा. गावाच्या नावासकट छापतो. ज्यांनी विरोध केला त्यांचं म्हणणंही छापतो, कापणार नाही.

फ्रेडी मर्क्युरी आज असता तर ७९ वर्षांचा झाला असता. त्याच्या वाढदिवसाला अभिमान वाटून घ्यायला माझी ना नाही. पण ज्या शाळेने त्याला पियानो दिला, अभिमान तिचा. आपल्या शाळांनी काय दिलं, ते २ ऑक्टोबरनंतर बोलू.